सुऱ्यांना भाड्याची जागा

धारवालीच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक पांढरी रेघ आहे. पट्टी ठेवून आखावी इतकी सरळ. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "भाजलं का हो?" ती म्हणते, "नाही. आमच्याच मालाची परीक्षा झाली." आणि धार लावायच्या चाकाच्या पायटीवर पाय ठेवते. ठिणग्या उडायला लागल्या की पुढचं विचारायची कुणाची छाती होत नाही.

घर म्हणजे पुढं भट्टी आणि मागं दोन खोल्या. नवरा लोखंड तापवायचा, घडवायचा, त्याला पाणी द्यायचा. दीर, सगळे त्याला धाकटा म्हणत, घण मारायचा. आणि धार ही लावायची. सासरी आली तेव्हा सासऱ्यानं चाकाशी बसवली, ती बसली ती बसलीच. म्हातारा म्हणायचा, "पोरी, तुझा हात बघून पातं स्वतःहून पातळ होतं." धारवाली हे नाव तिथून पडलं आणि लग्नातलं नाव रेशनकार्डापुरतं उरलं.

सुऱ्या, सुरे, सत्तूर. मटणवाल्यांच्या लाकडी ओंडक्यावर जे काही पडतं ते सगळं इथं घडायचं. प्रत्येक पात्याच्या बुडाशी माशाचा ठसा. धंद्याच्या दोन रीती सासऱ्यानं घालून दिल्या होत्या. पहिली, दारात टांगलेल्या हाडावर वार करून दाखवल्याशिवाय पातं विकायचं नाही. दुसरी, पातं देताना मूठ घेणाऱ्याकडे आणि धार आपल्याकडे. घेणारा कोणीही असो. म्हाताऱ्यानं एकदा ज्याच्याशी कोर्टात भांडत होता त्या माणसाच्या हातातसुद्धा तशीच मूठ दिली होती.

सगळा माल एकच माणूस उचलायचा. बाजारातला घाऊकवाला. पोट सुटलेला, आवाज मऊ, बोटात तीन अंगठ्या. त्याच्याशिवाय गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तो म्हणेल ती पूर्व दिशा. मग एक दिवस एक मटणवाला सत्तूर धारेला घेऊन आला आणि धारवालीनं बघितलं, बुडाशी मासा नाही. मासा घासून काढलेला, आणि वर घाऊकवाल्याचा चकचकीत स्टिकर.

तिनं ते पातं नवऱ्यापुढं धरलं. त्यानं मासा होता तिथं अंगठा फिरवला. पातं फडक्यात गुंडाळलं, हातोडा कमरेला होताच, तसाच गोदामावर गेला.

गोदामात काय झालं ते हमालांनी नंतर सांगितलं. घाऊकवाल्यानं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "मासा माझ्या गोदामात पोहत नाही रे. इथं माझं पाणी." नवरा म्हणाला, "मग आमचा माल आम्ही दुसऱ्याला देतो." त्यावर घाऊकवाल्यानं नुसती मान हलवली. दोघांनी नवऱ्याचा उजवा हात वजनकाट्याच्या लोखंडी पाटावर दाबून धरला, तिसऱ्यानं त्याच्याच कमरेचा हातोडा उपसला. घाऊकवाला मऊ आवाजात म्हणाला, "बघू, किती वजन भरतं." पहिल्या घावाला बोटं गेली. दुसऱ्याला मनगट. तिसरा उगाचच मारला.

पोलिसांपुढं सगळ्यांनी एकच सांगितलं, पाय घसरून काट्यावर पडला. डॉक्टरनं हात वाचवला, म्हणजे हाताच्या आकाराचं काहीतरी वाचवलं. त्यात पुन्हा हातोडा बसणार नव्हता.

धाकटा त्या दिवशी ओरडला नाही की रडला नाही. त्यानं भट्टी पेटवली, एकट्यानं एक सत्तूर घडवला, वहिनीपुढं आणून ठेवला. "धार लाव."

"कोणासाठी?"

"तुला माहीत आहे."

धारवालीनं चाकाचा पट्टा काढला आणि मांडीखाली घेऊन बसली. "भावजी, तुम्ही त्याला एक घाव घालाल. मग तुम्ही जाल आत, त्याची माणसं येतील इथं. तुमच्या भावाचा एक हात उरलाय, तोही जाईल. मग मी काय करू? तुरुंगात डबा आणून देऊ का?"

"मग काय, त्याच्या पाया पडू?"

"गिऱ्हाईक आपण शोधू. त्याच्याशिवाय."

"कुठं शोधणार? बाजार सगळा त्याचा."

तेवढ्यात नणंद दारातून म्हणाली, "फोनवर." ती कपड्यांच्या दुकानात बिलं करायची आणि त्या दुकानाचा ऑनलाइन माल तीच बघायची. घरात तिच्याकडे कोणी लक्ष द्यायचं नाही, कारण ती बोलताना फोनमधून मान वर काढायची नाही. आज काढली. "सुऱ्यांचं ऑनलाइन दुकान काढू. फोटो टाकायचे, ऑर्डर येणार, पैसे आपल्या खात्यात, माल कुरिअरनं. मासा आपला, नाव आपलं."

धाकटा हसला. धारवालीनं पट्टा मांडीखाली आणखी आत सरकवला. तो म्हणाला, "ठीक आहे वहिनी. चालव तुझं दुकान. ज्या दिवशी ते बंद पडेल, त्या दिवशी हा सत्तूर घेऊन मी जाणार. मग पट्टा मांडीखाली घेऊ नकोस."

तिनं मान डोलावली. दुसरं हातात काय होतं? त्या घटकेपासून तिच्या लेखी ते दुकान म्हणजे दिराचा गळा आणि घाऊकवाल्याचा गळा, दोन्ही एकाच दोरीत अडकवलेले.

नणंदेनं समजावलं ते असं. ऑनलाइन दुकानाच्या दोन तऱ्हा. एक, स्वतः जागा घेऊन स्वतः बांधायचं. वीट आपली, कुलूप आपलं, पण गळलं-फुटलं तर शिडी लावून आपणच चढायचं. दुसरी, तयार गाळा भाड्यानं घ्यायचा. कंपनीच्या जागेत दुकान मांडायचं. शेल्फं, गल्ला, पावतीपुस्तक, राखणदार, सगळं त्यांचं. आपण फक्त माल लावायचा.

"शिडीवर कोण चढणार आहे आपल्यात?" नवरा अंथरुणातून म्हणाला. "भाड्यानंच घे."

"भाड्यानं घ्यायचं तर गाळेवाल्या कंपन्या ढीगभर आहेत," नणंद म्हणाली.

"त्यातली लवकर उघडेल ती घे," धारवाली म्हणाली. तिचं लक्ष भिंतीला टेकवलेल्या त्या सत्तुराकडं होतं.

नणंदेनं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात देखणी निवडली. अटींचं पान इतकं लांब होतं की अंगठा दुखला, म्हणून तिनं खाली जाऊन 'मान्य' दाबलं. संध्याकाळपर्यंत दुकान उभं. वर मासा, खाली सुऱ्या ओळीत. धारवालीला ते बघून भरून आलं. पण मटणवाला नुसत्या फोटोवर कसा घेईल? वार बघितल्याशिवाय पात्याला हात लावणारा मटणवाला अजून जन्मायचा होता. म्हणून त्यांनी रीतीप्रमाणे वार दाखवायचं ठरवलं. एका ओळखीच्या मटणवाल्याकडून अख्खं सोललेलं धूड आणलं, दारात टांगलं, आणि धाकट्याला म्हणाले, हाण.

धाकट्यानं सदरा काढला. पहिला वार खांद्यावर. दुसरा बरगडीवर. तिसऱ्यापासून तो माल दाखवत नव्हता. दात आवळून दर घावाला पुटपुटत होता, "हे मनगट. हे मनगट. हा गळा." रक्ताचे थेंब भिंतीवर, फोनच्या काचेवर, नणंदेच्या कपाळावर. शेवटी अर्धं धूड धप्पकन खाली आलं आणि तो धापा टाकत कॅमेऱ्यात बघून म्हणाला, "अशी धार आहे."

नणंदेनं तो व्हिडिओ जसाच्या तसा टाकला. कुणालाच काही वावगं वाटलं नाही. या घरात रक्त म्हणजे चांगल्या धारेची पावती. आणि माल खपला की हो. दूरदूरच्या मटणवाल्यांनी ऑर्डरी टाकल्या. धाकटा घण मारू लागला, नवरा डाव्या हातानं सांडशी धरू लागला, धारवालीचं चाक थांबेना. भिंतीकडच्या सत्तुरावर धूळ बसायला लागली तेव्हा ती एकदा मुद्दाम तिकडं बघून हसली.

मग एका दुपारी नणंद फोन घेऊन आली. तोंडाचा रंग उडालेला. दुकान उघडत नव्हतं. जिथं मासा होता तिथं कोरं पान आणि एक ओळ. 'आपल्या दुकानात शस्त्रविक्री व हिंसक चित्रण आढळल्याने खाते बंद करण्यात आले आहे.'

"उघड की," नवरा म्हणाला.

"उघडत नाही, दादा. ऑर्डरी आत. गिऱ्हाइकांचे पत्ते, फोन नंबर, सगळं आत. मालकानं कुलूप बदललंय."

"शस्त्र?" नवरा डाव्या हातातल्या सांडशीकडं बघत म्हणाला. "मटणवाल्यांनी काय चमच्यानं कापायचं?"

कुणी हसलं नाही. कारण नणंदेचं ऐकून धाकटा केव्हाच निघून गेला होता, आणि भिंतीकडची जागा रिकामी होती. धुळीत सत्तुराच्या आकाराची स्वच्छ खूण तेवढी राहिली होती. त्या सत्तुराला धारवालीनं कधीच धार लावली नव्हती, पण तिच्या चाकाशेजारी आज सकाळचेच सात-आठ धारेचे सत्तूर होते, आणि त्यातलाही एक नव्हता. धाकट्यानं आपला बोथट तिथंच टाकून तिचा उचलला होता.

ती पायात काही न घालता धावली. बाजाराच्या तोंडाशी तिला त्याची पाठ दिसली. सत्तूर उघडा, लोक भिंतीला चिकटून वाट देत होते. गोदामाचं शटर अर्धं खाली. घाऊकवाल्याचे मऊ पाय, चपलेसकट, शटरखालून दिसत होते. धाकट्यानं शटरवर पहिला वार घातला. पत्रा कागदासारखा फाटला. आतून कुणीतरी किंचाळलं. दुसऱ्या वाराला त्यानं हात उचलला आणि धारवाली मध्ये गेली.

तिला काहीच कळलं नाही. हातावरून वारा गेल्यासारखं झालं, एवढंच. ती म्हणाली, "भावजी, घरी चला." तो तिच्या हाताकडं बघत होता. तिनंही बघितलं. कातडी दोन बाजूंना सरकली होती, आत पांढरं दिसत होतं, आणि मग ते पांढरं बुडवीत रक्त वर आलं. इतकी सुरेख धार तिनं आयुष्यात लावली नव्हती, हाच पहिला विचार तिच्या मनात आला, आणि त्याची तिला पुढं कितीतरी दिवस लाज वाटली.

धाकट्याच्या हातातून सत्तूर पडला. त्यानं सदरा फाडला आणि तिचा हात बांधायला बसला. तेवढ्यात शटर वर गेलं. घाऊकवाल्याची माणसं गज घेऊन बाहेर आली. पहिला गज धाकट्याच्या पाठीत बसला, दुसरा मानेशी. त्यानं मागं वळून बघितलं नाही. गाठ मारत राहिला. तिसरा गज बसल्यावर तोंडातून रक्त आलं, ते तिच्या पदरावर पडलं, तरी हात गाठीवरच. शेवटी बाजारातला एक म्हातारा मटणवाला मध्ये येऊन म्हणाला, "अरे, तो वळत नाहीये. कशाला मारता?" तेव्हा गज थांबले.

दवाखान्यात दोघं शेजारशेजारच्या खाटांवर होती. तिच्या हाताला टाके, त्याच्या बरगड्यांना पट्टा. तो छताला म्हणाला, "वहिनी, माझं तोंड बघू नकोस."

"बघत नाहीये. टाके मोजतेय." मग मोजून झाल्यावर, "दुकान पुन्हा काढायचंय. ते चालेल तोवर सत्तूर नाही, हा तुमचा शब्द तोच राहू दे. पण यावेळी जागा मी बघणार."

आणि तिनं बघितली. नणंदेला बाजूला बसवून, पट्टीतला हात उशीवर ठेवून, एकेका गाळेवाल्या कंपनीला तिनं स्वतः फोन लावले. देखणेपण नाही, भाडं नाही. पहिला प्रश्न एकच.

"आमच्याकडे काहीही विकता येतं, मॅडम," एक तरुण उत्साहानं म्हणाला.

"सत्तूर?"

"म्हणजे किचनवेअर ना?"

"एका घावात रेड्याची मांडी तुटते असा सत्तूर."

पलीकडं खुर्ची करकरली. "मी... जरा वरिष्ठांना विचारून सांगतो."

"विचारा. आणि लेखी पाठवा. बंद करायची वेळ आली तर आधी सांगणार का, तेही विचारा. आणि आमच्या गिऱ्हाइकांचे पत्ते आम्हाला कधीही उतरवून घेता येतील का? भाडेकरूला हाकललं तरी त्याची भांडी त्याला देतात, एवढंच म्हणणं आहे."

काहींनी फोन परत केलाच नाही. एकीनं केला. भाडं जास्त, दुकान दिसायला सरकारी कचेरीसारखं, आणि अटी कडक. फोटोत रक्त नको, मांस नको. लहान सुऱ्या कुरिअरनं चालतील. मोठा सत्तूर मात्र गिऱ्हाइकानं स्वतः येऊन, ओळखपत्र दाखवून, हातात घ्यायचा. बंद करायच्या आधी कळवू. पत्ते तुमचे.

"येऊनच न्यायचं तर ऑनलाइन कशाला?" धाकटा कुरकुरला. "तोंड धुवायला नदीवर जा म्हणतात आणि बादली घरात."

"घ्यायचं हेच," धारवाली म्हणाली. "हे आधी नाही म्हणतात, नंतर नाही."

झालं उलटंच. मटणवाल्यांना यायला आवडायचं. फोनवर ऑर्डर टाकायची, ठरल्या दिवशी बाकड्यावर येऊन बसायचं, दारातल्या हाडावर वार बघायचा. जी रीत व्हिडिओत दुकानाला खाऊन गेली ती पुन्हा दारात आपल्या जागी आली. नणंद टेबल टाकून ओळखपत्रं तपासायची. पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्यालाही म्हणायची, "कार्ड दाखवा. वय झालंय का बघायचंय."

मग ती ऑर्डर आली. मोठा सत्तूर, एक. खाली घाऊकवाल्याचं नाव आणि गोदामाचा पत्ता.

नणंदेचा अंगठा 'रद्द' वर होता. "दाबू?"

"थांब." धारवालीनं डोळे मिटले. डाव तिला दिसला. बाजारभर सगळ्यांनी दिराला सत्तूर घेऊन जाताना बघितलेलं. आता त्याच घरचा सत्तूर गोदामावर पोचला की हा फोटो काढणार, धमकी दिली म्हणून कंपनीकडं तक्रार करणार, की पुन्हा कुलूप. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की मोठा सत्तूर इथं पोचवत नाहीत. "काही दाबू नकोस. नेहमीचा निरोप जाऊ दे. येऊन घेऊन जा म्हणावं."

"येईल तो?"

"त्याची गिऱ्हाइकं बाकड्यावर बसलेली असणार. नाही आला तर भ्याला म्हणतील."

धाकट्यानं ऐकलं. तो सत्तूर त्यानं स्वतः घडवला. नवऱ्यानं पाणी दिलं आणि धाकट्यानं धरलेल्या ठशाच्या खिळ्यावर डाव्या हातानं हातोडा मारला.

घाऊकवाला आला. मागं दोन माणसं. नवऱ्याचा हात ज्यांनी पाटावर दाबला होता तीच. बाकड्यावरच्या मटणवाल्यांची बडबड तुटली. भट्टीचा पंखा तेवढा घरघरत होता.

"कार्ड," नणंद म्हणाली.

त्यानं अंगठ्यांच्या हातानं कार्ड दिलं. तिनं ते उलटसुलट बघितलं, नंबर उतरवून घेतला, परत दिलं. "वय बसतं."

कोणीतरी खोकल्यात हसू दडवलं. धारवालीनं चाक फिरवलं. तिच्या हातावरची रेघ अजून लाल होती, आणि घाऊकवाल्याचे डोळे तिथून हलेनात. तिनं धार लावली, तशीच लावली जशी त्या दिवशीच्या सत्तुराला लावली होती, कमी नाही, जास्त नाही. मग पातं दिराकडं दिलं, मूठ त्याच्याकडं.

रीतीचा वार राहिला होता. दारातलं हाड टांगलेलं होतं घाऊकवाल्याच्या कानाशेजारी. तो एक पाऊल सरकायला गेला, पण मागं बाकडं होतं. धाकट्यानं हात उचलला. मागच्या दोघांपैकी एकाचा हात कमरेकडं गेला. धारवालीनं चाकाच्या पट्ट्यावर बोटं ठेवली, जणू पट्टा काढला तर दिराचा हात थांबणार होता. सत्तूर खाली आला. हाड मधोमध दुभंगलं, एक तुकडा दोरीला राहिला, एक घाऊकवाल्याच्या चपलेवर पडला. त्यानं पाय झटकला. चेहऱ्यावरचा घाम पुसायचं मात्र त्याला सुचलं नाही.

धाकट्यानं पातं फडक्यानं पुसलं. मग ते आडवं करून, मूठ पुढं, धार आपल्या पोटाकडं, घाऊकवाल्यापुढं धरलं.

घाऊकवाल्यानं मूठ पकडली. क्षणभर दोघंही सोडेनात. एका बाजूला अंगठ्यांची बोटं, दुसऱ्या बाजूला पात्याच्या पाठीवर धाकट्याची, आणि धार त्याच्या सदऱ्याला टेकलेली. नुसता ढकलला असता तरी पुरलं असतं. मागची दोन माणसं मालकाच्या मानेकडं बघत होती, ती हलते का म्हणून. बाकड्यावरचा म्हातारा मटणवाला उभा राहिला. मग त्याच्याशेजारचा. मग सगळेच. ज्यांना माल मिळाला होता त्यांच्या हातात आपापले नवे सत्तूर होते.

घाऊकवाल्याची नजर पात्याच्या बुडाशी गेली. "मासा वाकडा बसलाय," तो मऊ आवाजात म्हणाला. आवाज मात्र मधेच फाटला.

"डाव्या हातानं मारलाय," आतून नवरा म्हणाला.

घाऊकवाल्यानं सत्तूर ओढून घेतला. धाकट्याच्या सदऱ्यावर एक धागा तुटला, कातडी नाही. घाऊकवाला पायरी उतरून रस्त्याला लागला. त्याच्या माणसांनी मागं वळून दोनदा बघितलं, त्यानं एकदाही नाही.

धाकटा मागच्या खोलीत गेला. तिथून बराच वेळ उलटीचा आवाज येत होता. धारवाली उठली, दारापाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि परत चाकाशी येऊन बसली. तो तोंड पुसत बाहेर आला तेव्हा तिनं पुढचं पातं त्याच्याकडं धरलं.

"रांग आहे, भावजी," ती म्हणाली.

नणंदेनं दोरीला नवं हाड बांधलं. म्हातारा मटणवाला कार्ड घेऊन पुढं आला. धाकट्यानं वार केला, पातं पुसलं, आणि मूठ म्हाताऱ्याकडं फिरवली.